शहाण्णव आणि सत्त्याण्णव

५ सप्टेंबर

मामा,

नमस्कार वगैरे सगळं धरून चाल. मायना लिहायला बसलं की मला रजेचा अर्ज करतेय असं वाटतं.

पोचले, खोली मिळाली, नोकरी सुरू झाली. खोली शाळेच्याच आवारात, वरच्या मजल्यावर आहे. खाली नदी आहे म्हणतात. म्हणतात अशासाठी, की मी उठते तेव्हा नदी नसतेच, नुसतं धुकं असतं आणि त्या धुक्यातून मुलं वर येतात. आधी हसण्याचा आवाज येतो, मग दप्तर दिसतं, मग पोर. पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं की मी अजून जागी झालेलीच नाही. आईला सांगू नकोस, ती म्हणेल कार्टी जेवत नसेल नीट.

आता कामाचं ऐक. मला पाचवीचा वर्ग दिलाय, एकतीस मुलं. दोन शाळा मिळून ही एक झालीय, त्यामुळे निम्म्यांना निम्मी ओळखत नाहीत. पहिल्या दिवशी सगळी फोटो काढायला बसल्यासारखी बसून होती. मग मी एक शक्कल लढवली. म्हटलं, उद्या येताना आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक आणायचं. नाव, गाव, वडील काय करतात, काही सांगायचं नाही. फक्त पुस्तक दाखवायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. ज्याचं पुस्तक तुम्हाला घरी न्यावंसं वाटेल, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. वर्षभराची जागा तीच.

मामा, काय काय आलं म्हणून सांगू! एकाने टेलिफोन डिरेक्टरी आणली, कारण त्यात त्याच्या आजोबांचं नाव छापलंय. एकीने कोरी वही आणली आणि म्हणाली, "माझं आवडतं पुस्तक अजून लिहून व्हायचंय." शिलाई मशीनचं माहितीपत्रकसुद्धा आलं. अर्ध्या तासात वर्गाचा नूर पालटला. बाकं सरकली, दप्तरं उडाली, डिरेक्टरीवाल्याच्या शेजारी तर तिघं दाटीवाटीने बसले.

मग एक मुलगी उठली. नवीन आहे. बाप पुलाच्या कामावर क्रेन चालवतो, तुमच्याच गावाहून बदलून आलेत. खिडकीशी बसते म्हणून मी मनातल्या मनात तिला खिडकी म्हणते. तिच्या पुस्तकात एका गावातल्या सगळ्यांची झोप हरवते आणि एक मुलगी कंदील घेऊन ती शोधायला निघते. चालत चालत डोंगरमाथ्यावरच्या एका दारापाशी येते, दार ठोठावते. दार उघडतं आणि समोर समुद्र. तिथे एक दीपगृह आहे, त्यात एक माणूस राहतो. तो रोज दिव्याच्या काचा पुसतो आणि वारा कुठून आला ते वहीत लिहून ठेवतो.

"आणि ती मुलगी?" कुणीतरी विचारलं.

"ती तिथेच आहे. पण पुस्तकात परत येत नाही. तिला झोप सापडली ना. झोपलेल्या माणसाबद्दल काय लिहिणार?"

वर्ग इतका गप्प झाला की मला खालची नदी ऐकू आली. दोघं-तिघं तर उठलेच तिच्याकडे जायला.

तेवढ्यात इथल्या डॉक्टरांची मुलगी उभी राहिली. तिनेही तेच पुस्तक आणलेलं, तोच कंदील चित्रात. "बाई, ही खोटं बोलतेय. दारामागे म्हातारा असतो. त्याच्याकडे सगळ्या गावाची झोप पोत्यांत भरून ठेवलेली असते. समुद्रबिमुद्र काही नाही." तिने पान उघडून दाखवलं. खरंच नव्हता.

आणि मी शहाणी म्हणते कशी, "असू दे बाळ, कधी कधी आपण वाचता वाचता स्वप्न बघतो." मला वाटलं, मी तिची बाजू घेतेय. पोरं खो खो हसली. मागून कुणीतरी "थापाडी" म्हणालं. उठलेले तिघं परत बसले. तिने पुस्तक दप्तरात घातलं आणि खिडकीकडे बघत राहिली. एकतीस मुलांत तिच्या एकटीच्या शेजारी कुणी नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत.

तू सांग, तुझं आवडतं पुस्तक कुठलं? चाळीस वर्षं ग्रंथालयाची पुस्तकं शिवलीस, एक तरी वाचलं असशील की!

तुझी
ठमी

*

११ सप्टेंबर

ठमे,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी कागदावर काढून दाखवायला नकोत.

बाइंडर वाचत नाही. वाचत बसलो असतो तर ग्रंथालयाची अर्धी पुस्तकं अजून टेबलावर उघडी पडली असती. सोळा पानांचा एक फर्मा. फाटकं पुस्तक आलं की जुनी शिवण उसवायची, फर्मे सुटे करायचे, झाडायचे, डागडुजी करायची, मग पानांचे आकडे बघून परत लावायचे आणि शिवायचे. सोळानंतर सतरा, बत्तीसनंतर तेहतीस. आकडे बरोबर तर पुस्तक बरोबर. आत राजा मेला की राणी पळाली, आपल्याला काय त्याचं?

मुलांचं मनावर घेऊ नकोस. आठ दिवसांत विसरतील. तुला नाही का लहानपणी सगळे "ठमी" म्हणून चिडवायचे? आता तूच सही करतेस तशी.

त्या मुलीच्या पुस्तकाचा आकार केवढा आहे? आणि पुठ्ठा छापखान्याचा आहे की नंतर घातलेला? उगाच आपलं विचारलं, धंद्याची खोड.

इकडे हवा छान आहे. तुझी मामी माझ्या डोळ्यांत रोज न चुकता थेंब घालते. काम सोडून दोन वर्षं झाली तरी ती काही थेंब सोडत नाही. खोलीत ओल असेल तर पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेव.

मामा

*

२ ऑक्टोबर

मामा,

आठ दिवसांत विसरतील म्हणालास. आज चार आठवडे झाले. खिडकी बोलत नाही.

रुसलीय असं नाही. अभ्यास करते, वही देते, पुस्तक उघड म्हटलं की उघडते. पण तोंडातून शब्द म्हणून नाही. हजेरीला हात वर करते. मी विनवलं, लाडीगोडी लावली, एकदा रागावलेसुद्धा आणि नंतर खोलीवर येऊन रडले. घरी बोलते, तिच्या बापाने सांगितलं. बिचारा हेल्मेट हातात धरून उभा होता. म्हणाला, "बाई, ही तर घरी आम्हाला बोलू देत नाही."

आता हेडबाईंच्या कानावर गेलंय. त्या वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. एक नोव्हेंबरला तोंडी परीक्षा. जे मूल बोलणार नाही त्याला नदीपलीकडच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात पाठवतात. तिथून परत आलेलं पोर शिपायानेही पाहिलेलं नाही, आणि तो इथे अठरा वर्षं आहे. मामा, हे माझ्यामुळे झालंय. माझ्या त्या एका वाक्यामुळे.

आणि आता खरी गोष्ट. परवा मधल्या सुट्टीत ती बाकावर डोकं ठेवून झोपली होती. बाहेर धुकं उतरायचं नाव घेत नव्हतं, वर्गात आम्ही दोघीच. पुस्तक हाताशेजारी उघडं होतं. मी चोरासारखी जवळ गेले. शहाण्णवाव्या पानाचे शेवटचे शब्द, "दार उघडलं आणि". सत्त्याण्णवाव्या पानाचे पहिले, "समोर समुद्र होता." छापलेले, मामा! तिने एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं. मी तिथे उभी राहून पुढची दहा पानं वाचली. दीपगृह, काचा, वारा, सगळं आहे.

मग पानांच्या घडीत शिवणीची शेवटची गाठ दिसली. हिरव्या दोऱ्याची. मी आठ वर्षांची असताना तुझ्या टेबलाखाली बसून तुला विचारलं होतं, सगळी शिवण पांढरी आणि गाठच हिरवी का? तू म्हणालास, "सही आहे माझी."

तुला तर माहीत होतं. तू आकार विचारलास, पुठ्ठा विचारलास, समुद्राबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीस. चोराच्या मनात चांदणं. खरं काय ते लिही.

ठमी

*

७ ऑक्टोबर

ठमे,

लिहितो. हे पत्र वाचून फाडून टाक.

माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवेन. काम मी डोळ्यांसाठी सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी टेबलावर दोन पुस्तकं एकाच वेळी सुटी होती. एक पोरांच्या गोष्टीचं, एक कुणा दीपगृहाच्या राखणदाराच्या आठवणींचं. आकार एक, कागद एक. मी आकडे बघून लावली. शहाण्णवनंतर सत्त्याण्णव. दोन्हीकडे बरोबर! फक्त याचं धड त्याला आणि त्याचं याला. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही, आणि ती बाइंडरशिवाय दुसरं कुणी करूही शकत नाही.

महिन्याभराने एक म्हातारे कप्तान ग्रंथालयात आले, आठवणींचं पुस्तक काउंटरवर आपटलं आणि ओरडले, "माझ्या दीपगृहात हा पोतीवाला म्हातारा कुठून आला?" सगळे हसले. ग्रंथपाल हसले, शिपाई हसला, वाचायला आलेले लोक हसले. मीपण हसलो. घरी आलो आणि तुझ्या मामीला म्हटलं, डोळे गेले, काम सोडतो. तेव्हापासून ती बाई रोज सकाळी माझ्या चांगल्या डोळ्यांत औषध घालते आणि मी वर बघून घालून घेतो.

कप्तानांचं पुस्तक मी घरी आणून कपाटात ठेवलं. दुसरं शोधत होतो, पण ते जुन्या पुस्तकांच्या विक्रीत निघून गेलेलं. गेली दोन वर्षं दर रविवारी रद्दीची दुकानं पालथी घालतोय. आणि ते बसलंय माझ्या भाचीच्या वर्गात! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तुझ्या पहिल्या पत्रात समुद्र वाचला तेव्हाच मी ओळखलं.

आता एक कर. ते पुस्तक मला पाठव. दोन्ही उसवतो, दोन्ही नीट शिवतो, आठवड्यात परत. पोरीला पुस्तक नीट मिळेल, तिला कुणी हसणार नाही, आणि माझ्या हातून झालेलं एवढं वाकडं काम सरळ होईल. फक्त माझं नाव वर्गात काढू नकोस. ताईला कळू देऊ नकोस. माझी बहीण मला देवमाणूस समजते, समजू दे.

मामा

*

१३ ऑक्टोबर

मामा,

या पत्राबरोबर पुस्तक पाठवतेय. दोनदा गुंडाळलंय.

तुझं नाव नाही काढलं. वर्गाला एवढंच सांगितलं की पुस्तक शिवताना दोन पुस्तकांची पानं अदलाबदल झाली, म्हणजे आपली मैत्रीण खरं बोलत होती. मला वाटलं, झालं, सुंठीवाचून खोकला गेला. तर डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "म्हणजे तिची गोष्ट चुकीचीच ना, बाई?" वाईट मनाने नाही विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता.

मी म्हटलं, "हो, पण आता दुरुस्त होईल."

खिडकीने माझ्याकडे बघितलं, दप्तर उघडलं आणि पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. एक शब्द न बोलता. लगेच ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. आता का कोण जाणे, वाटत नाहीये.

लवकर कर. एक नोव्हेंबरला अडीच आठवडे राहिलेत.

ठमी

*

१६ ऑक्टोबर

मामा, उसवू नकोस!

आज ती बोलली. शाळा सुटल्यावर फाटकापाशी, माझी ओढणी धरून. पावलांपुरता रस्ता दिसत होता, बाकी सगळं पांढरं. मला आधी कळेचना आवाज कुठून आला.

"पुस्तक नीट झालं की मग ती कुठे झोपेल?"

एवढंच. आणि धुक्यात गेली.

मी तिथेच उभी राहिले. नीट केलेल्या पुस्तकात दारामागे म्हातारा असेल, तो पोती देईल, ती मुलगी झोप घेऊन गावाला परत जाईल, सगळे झोपतील. आणि ही जी गेली दोन वर्षं दीपगृहात शांत झोपलीय, तिला आपण हाताला धरून उठवून बाहेर काढणार. खिडकीने ही तिसरी शाळा बदललीय, मामा. बापाचा पूल झाला की पुढचा पूल. तिच्याकडे एकच जागा आहे जी हलत नाही.

दोनदा चुकले मी. आधी तिला खोटी ठरवली, मग तिच्या गोष्टीला चुकीची म्हणाले. आणि रागाने लिहितेय म्हणून लिहूनच टाकते. तुझ्या नावाला जपायच्या नादात मी तिच्यापेक्षा तुझा विचार जास्त केला. ज्याने चूक केली त्याचं नाव गुलदस्त्यात, आणि जिने फक्त वाचलं ती थापाडी. हा कुठला न्याय?

पुस्तक आहे तसं परत पाठव. हात लावू नकोस.

ठमी

*

१८ ऑक्टोबर

ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा दोन्ही पुस्तकं उसवून झाली होती. दोरे कापलेले, फर्मे टेबलावर, चार गठ्ठे. पत्र वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिलो. तुझ्या मामीने विचारलं, कोण गेलं?

मग मी जन्मात केलं नाही ते केलं. वाचायला बसलो. पोरीच्या गोष्टीचे सहा फर्मे, "दार उघडलं आणि" पर्यंत. पुढचा कुठला फर्मा घ्यायचा ते मला ठाऊक होतं, तरी हात समुद्राच्या गठ्ठ्याकडे गेला. वाचत राहिलो. तो राखणदार काचा पुसतो, वारा लिहितो, एके ठिकाणी लिहितो की आज जिना चढताना उगाच पाऊल हळू टाकलं. का, ते लिहीत नाही. त्याला माहीतच नाही. ठमे, मला माहीत होतं! वरच्या खोलीत कोण झोपलंय ते मला आणि तुझ्या त्या पोरीला, दोघांनाच माहीत होतं. दिवेलागण झाली तरी मी दिवा लावला नाही, तुझ्या मामीने येऊन लावला.

तिला सगळं सांगितलं. डोळ्यांचं, कप्तानाचं, सगळं. म्हणाली, "दोन वर्षांत औषधाच्या किती बाटल्या झाल्या तेवढं सांगा फक्त." मग हसली, मग रडली, मग बाटली उचलून कचऱ्यात टाकली. ताईलाही पत्र टाकलंय. देवमाणूस नसलो तर नसलो.

तुझा राग बरोबर आहे. पुस्तक मी पाठवत नाही, घेऊन येतो. तसंच सुटं. पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीने. एक टेबल मोकळं ठेव आणि पाणी तापवायची सोय बघ, खळ लागेल.

मामा

*

२७ ऑक्टोबर

मामा,

तू म्हणशील, मी तिथे होतो, मला काय लिहितेस? पण तू होतास कुठे? पूर्ण तासभर मान वर केली नाहीस. ऐकलंस सगळं, पाहिलं काहीच नाहीस. म्हणून लिहितेय.

तू दारातून आलास तेव्हा पोरांना वाटलं नळ दुरुस्त करणारा आला. तू टेबलावर चार गठ्ठे मांडलेस आणि म्हणालास, "मी बाइंडर. हिचं पुस्तक मी शिवलं होतं. ती बोलली त्यातला शब्दन् शब्द त्यात आहे. चुकलो मी, ती नाही." सगळे खिडकीकडे बघत होते आणि ती तुझ्या हातांकडे.

मग तू ते विचारलंस. "मी आकडे बघणारा माणूस. आकड्यांनी हेही सत्त्याण्णव आणि तेही सत्त्याण्णव. गोष्ट मला कळत नाही. यातलं कुठलं शिवू?"

काय गोंधळ झाला! डॉक्टरांची मुलगी म्हणाली म्हातारा, अर्धा वर्ग म्हणाला म्हातारा. डिरेक्टरीवाला म्हणाला समुद्र. मी गप्प करायला हात वर केला आणि तेवढ्यात खिडकी उठली. मामा, ती बाकांमधून चालत आली ना, तेव्हा पोरांनी आपापली दप्तरं मागे ओढून तिला वाट करून दिली. तुझ्या टेबलाशी आली आणि समुद्राच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"हे. कारण ती दमलीय."

सात आठवड्यांनी वर्गातले पहिले शब्द. माझ्या डोळ्यांना धार लागली, मी फळा पुसायला वळले. फळा स्वच्छ होता.

आणि मग ती थांबेचना. कंदील कुठे ठेवला, राखणदार जिना हळू का चढतो, जहाजं भोंगा का वाजवत नाहीत. पोरं एकेक करून उठून टेबलाभोवती जमली. काही खाली मांडी घालून बसली, दोघांनी हनुवटी टेबलावर टेकली. बाहेर धुक्यामुळे मैदान नव्हतं, फाटक नव्हतं, नुसतं पांढरं होतं. मला एक क्षण वाटलं, आत्ता दार उघडलं तर खरंच समुद्र असेल.

डॉक्टरांची मुलगी मात्र बाकावरच होती, रडवेली. "पण मग माझ्या म्हाताऱ्याचं काय? तो पोती घेऊन बसलाय. त्याच्या दारात कुणी येतच नाही." आणि खिडकी म्हणाली, जणू ठरलेलंच होतं, "राखणदार जाईल ना. तो रोज जागतो. त्याला कोण देणार झोप?"

तेव्हा तुझे हात थांबले. ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मग तू दुसरं पुस्तकही तसंच शिवलंस. राखणदाराच्या आठवणी शहाण्णव पानं, पुढे पोतीवाला म्हातारा. डॉक्टरांच्या मुलीने ते मागितलं आणि तू दिलंस. खळ ओली होती म्हणून ती घरी जाताना पुस्तक दोन्ही हातांवर आडवं धरून गेली. काल सकाळी आली ती थेट खिडकीच्या शेजारी. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "माझं वाचून झालं, आता तुझं दे." शिकवायला सुरुवात केली तरी दोघींचं संपेना.

हेडबाई त्या दिवशी दाराशी उभ्या होत्या. मला बाहेर बोलावून विचारलं, "ही तीच का, न बोलणारी?" मी म्हटलं, तीच. आज तिचा शेरा दाखवला त्यांनी मला. तोंडी परीक्षेची वाटसुद्धा बघितली नाही. लिहिलंय, "बोलते. आवरावी लागते." ती इथेच राहणार, मामा.

आईचं पत्र आलंय. माझा भाऊ किती खरा माणूस, असं दोन पानं. घे, आता काय करशील?

ठमी

*

३१ ऑक्टोबर

ठमे,

ताईचं मलाही आलं. चार पानं. तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

काल ग्रंथालयात गेलो. म्हटलं, सगळे हसतील ते हसून घेऊ दे एकदा. ग्रंथपाल म्हणाले, "अहो, दोनशे पुस्तकं फाटून पडलीत, कुठे होता इतके दिवस?" कप्तानांची गोष्ट कुणाला आठवतसुद्धा नव्हती. मी आठवण करून दिली, तेव्हा हसले. बरं वाटलं. सोमवारपासून जातोय.

तू सगळं लिहिलंस, एक राहिलं. हेडबाईंनी तुला बाहेर बोलावलं तेवढ्यात झालं ते, म्हणून तुला माहीत नाही. मी दुसऱ्या पुस्तकाला सुई घातली होती. तो डिरेक्टरीवाला माझ्या कोपराशी उभा होता. त्याने विचारलं, "आजोबा, एवढी मोठी चूक केलीत, मग तुम्हाला शिक्षा नाही झाली?"

म्हटलं, "झाली."

"काय?"

"दोन वर्षं घरी बसलो. सुईला हात लावला नाही."

"कुणी दिली?"

"मीच."

तुझी ती खिडकी माझ्यासमोर फर्मे हातात घेऊन उभी होती, क्रमाने लावून. तिने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला माझ्यामुळे वर्गाने थापाडी म्हटलं होतं, शिक्षा वाढवायचा हक्क कुणाला असेल तर तिलाच.

"मग आता पुरे," ती म्हणाली, आणि पुढचा फर्मा माझ्या हातात दिला.

मामा